बाटलीवरच्या डिस्पेन्सरसाठी लवचीक बूच: मोजमापापासून चाचणीपर्यंत

गळतंय म्हणून बूच जाड केलं, तर ते बाटलीत जाईना. मग टोकाला निमुळतं केलं. ते बसलं खरं, पण दुसऱ्या दिवशी आपोआप दोन मिलिमीटर वर आलं आणि पुन्हा गळू लागलं. बाटलीच्या तोंडावर बसणाऱ्या डिस्पेन्सरसाठी बूच तयार करणारे बरेच जण याच फेऱ्यात अडकतात. दर वेळी व्यास थोडा वाढवून किंवा कमी करून बघतात. मूळ चूक व्यासात नसतेच.

चूक अशी की आपण रबराला नैसर्गिक कॉर्क समजतो. २४ मिमी व्यासाचा कॉर्क १८.५ मिमीच्या गळ्यात दाबून बसवता येतो, कारण कॉर्कच्या पेशींमध्ये हवा असते. दाबला की तो खरोखर आकसतो आणि लांबीला जवळजवळ वाढत नाही. सिलिकॉन किंवा रबर आकसत नाही. एका बाजूने दाबलं की ते दुसरीकडे सरकतं. २० मिमी व्यासाचं भरीव रबरी बूच १८.५ मिमीच्या गळ्यात बसवायचं तर त्याला लांबीत सुमारे १७ टक्के वाढावं लागतं, म्हणजे ३० मिमीचं ३५ मिमी व्हावं लागतं. त्यात मध्ये धातूची तोटी असेल तर सरकायला वाटच उरत नाही. म्हणून खालचे सगळे टप्पे एकाच गोष्टीभोवती आहेत: रबराला सरकायला जागा द्यायची. टप्प्यांचा क्रम बदलू नका. मोजमापाआधी साचा करणारे हमखास दोन साचे वाया घालवतात.

टप्पा १: बुचावर नेमका कसला भार येणार, ते लिहून काढा

डिस्पेन्सर तीन प्रकारचे असतात. बाटली तिरकी करून ओतायची तोटी, बाटली कायम उलटी टांगून खाली नळ, आणि बाटली उभी ठेवून वर दाबायचा पंप. तिन्हींना एकच बूच चालेल असं धरून चालू नका.

लोकांना वाटतं, उलट्या बाटलीत द्रवाच्या वजनानेच बूच निघतं. हिशेब करून पाहा. ३०० मिमी उंचीच्या पाण्याचा दाब फक्त ३ किलोपास्कल. १८.५ मिमीच्या गळ्याचं क्षेत्रफळ सुमारे २६९ चौरस मिमी. म्हणजे बुचावर जोर येतो ०.८ न्यूटन, साधारण ८० ग्रॅम वजनाइतका.

आता बंद बाटली ५ अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर आली असं समजा. आतली हवा तापून तिचा दाब सुमारे ९ टक्के वाढतो आणि जोर होतो जवळपास २.४ न्यूटन, द्रवाच्या वजनाच्या तिप्पट. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीचं बूच तासाभराने वर का येतं, त्याचं उत्तर इथे आहे.

सगळ्यात मोठा भार मात्र आडवा असतो. २०० ग्रॅमचा नळ बाटलीच्या मध्यरेषेपासून ८० मिमी बाहेर लटकत असेल आणि बुचाचा काचेशी संपर्क १५ मिमी लांबीतच असेल, तर दोन टोकांच्या कंगोऱ्यांवर (बुचाभोवतीच्या पातळ, वाकणाऱ्या कड्यांवर) सुमारे १० न्यूटनचा जोर येतो. संपर्काची लांबी ३० मिमी केली की तो निम्मा होतो. म्हणून डळमळणाऱ्या नळाला जाड बूच देऊन उपयोग होत नाही. बूच लांब करा.

सावधान: फसफसणाऱ्या पेयांसाठी घर्षणावर टिकणारं बूच बनवू नका. ३ बार दाब धरला तरी १८.५ मिमीच्या गळ्यात ८० न्यूटन, म्हणजे ८ किलो वजनाचा जोर येतो. पेट प्लास्टिकच्या बाटलीच्या २१.७ मिमीच्या तोंडाला तो ११ किलोवर जातो. उडालेलं बूच डोळ्याला लागू शकतं. तिथे आटे किंवा क्लॅम्पच हवा.

टप्पा २: बाटलीचा गळा आतून मोजा

इथे घाई होते आणि पुढचं सगळं बिघडतं.

काचेच्या बाटलीचं तोंड बाहेरून साच्यात घडतं, त्यामुळे बाहेरचं माप विश्वासार्ह असतं. आतली बाजू तशी नसते. बऱ्याच बाटल्यांमध्ये वरचा थोडा भागच प्लंजरने (आत शिरणाऱ्या धातूच्या दांड्याने) घडतो आणि त्याखाली काच हवेच्या दाबाने फुगून जशी बसेल तशी बसते. वाइनच्या प्रमाणित बाटलीतही तोंडाशी १८.५ मिमी, अधिक-उणे ०.५, आणि ४५ मिमी खोलीवर २० मिमी, अधिक-उणे १, इतकी मोकळीक असते. म्हणजे गळा आत जाताना रुंदावतो. तोंडाशी घट्ट बसलेलं बूच आत लोंबकळत असू शकतं.

१. ज्या बाटल्यांवर डिस्पेन्सर बसणार आहे, त्यांच्या प्रत्येक प्रकारातल्या किमान २० बाटल्या घ्या, शक्यतो वेगवेगळ्या वेळी आणलेल्या.

२. तोंडापासून ३, १०, २० आणि ३० मिमी खोलीवर मोजा. प्रत्येक खोलीवर दोनदा, काटकोनात. गळे लंबगोल असतात.

३. व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांवर विसंबू नका. लहान गोलाकारात ते सपाट टेकतात आणि माप कमी दाखवतात, शिवाय खोलवर पोचत नाहीत. टेलिस्कोपिक गेज (आत पसरून भोकाचा व्यास पकडणारं साधन) वापरा, किंवा दातांचे ठसे घ्यायची पुटी गळ्यात भरून घट्ट झाली की बाहेर ओढा आणि ठसा मोजा. ठसा काढताना ताणला जातो, म्हणून थोडा वेळ तसाच ठेवून मग मोजा.

४. तोंडाच्या आतल्या कडेवरून पेन्सिलीचं टोक हलकेच फिरवा. काही बाटल्यांना तिथे काचेची बारीक धार उरलेली असते. ती सिलिकॉन कापते. अशा बाटल्या बोटाने तपासू नका.

इथे थांबून तपासा: तुमच्याकडे दोन आकडे हवेत, सगळ्यात लहान व्यास आणि सगळ्यात मोठा. सरासरीचा इथे काही उपयोग नाही. दोघांतला फरक ३ मिमीहून जास्त असेल तर दोन मापांची बुचं करा. एकच बूच सगळीकडे बसवण्याचा हट्ट पुढे महाग पडतो.

टप्पा ३: रबर निवडा

कडकपणा शोअर ए या रबराच्या मोजपट्टीवर ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. ३० च्या आसपासचं रबर काचेला छान चिकटतं, पण आडव्या भाराखाली वाकून राहतं. ६० च्या वरचं हाताने आत ढकलणं कठीण जातं.

कडकपणापेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे कॉम्प्रेशन सेट: बराच काळ दाबून ठेवलेलं रबर सोडल्यावर किती टक्के दबलेलंच राहतं, ते. पहिल्या दिवशी सगळी बुचं उत्तम बसतात. महिन्याने कोणतं बसेल, हे या आकड्यावर ठरतं. पुरवठादाराकडून तो मागून घ्या आणि कोणत्या तापमानाला, किती तासांनी मोजला तेही विचारा. ७० अंशांवर मोजलेला आणि १७५ अंशांवर मोजलेला आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं, हा माझा पहिला पर्याय. उकळतं पाणी, बर्फ, वारंवार धुणं, सगळं ते सोसतं. दोन उणिवा मात्र ध्यानात ठेवा. त्यातून हवा बरीच आरपार जाते, त्यामुळे आठवडेच्या आठवडे साठवायच्या पेयाला ते झाकण म्हणून चालत नाही. आणि लिंबूवर्गीय तेलांचा वास ते धरून ठेवतं. एका पेयासाठी वापरलेलं बूच दुसऱ्याला लावायचं असेल तर हे आधी सांगायला हवं. टीपीई (रबरासारखं लवचीक, तापवून वितळणारं प्लास्टिक) स्वस्त आणि साच्यातून भराभर निघणारं, पण गरम पाण्यात वारंवार धुतलं की त्याचा दबलेलेपणा लवकर वाढतो. नैसर्गिक रबर टाळा. काहींना त्याची ॲलर्जी असते आणि मद्यात त्याची चव उतरते.

अन्नसंपर्काचं प्रमाणपत्र नेमक्या त्या ग्रेडचं मागा. ‘फूड ग्रेड’ एवढा शब्द पुरत नाही. अमेरिकेतला २१ सीएफआर १७७.२६०० हा नियम वारंवार वापरायच्या रबरी वस्तूंसाठी आहे. तयार बूच २०० अंशांवर ४ तास भाजून घेणं ही सिलिकॉनची नेहमीची पद्धत. त्याने उरलेले बाष्पशील घटक निघून जातात. वास येणारं नवं बूच म्हणजे बहुधा ही पायरी चुकवलेली असते.

टप्पा ४: दांडा आणि कंगोरे आखा

भरीव बूच विसरा. मध्ये बारीक दांडा आणि त्याभोवती पातळ, वाकणारे कंगोरे, अशी रचना करा. कंगोरा दबत नाही, वाकतो. वाकायला फार जोर लागत नाही, म्हणून अरुंद आणि रुंद दोन्ही गळ्यांत तो जमवून घेतो.

एक उदाहरण पूर्ण करू. सगळ्यात लहान गळा १८ मिमी, मोठा २१. दांडा १५ मिमीचा धरला तर अरुंद गळ्यात दांडा आणि काच यांच्यामध्ये दीड मिमी जागा उरते. कंगोरा या जागेत वाकून मावला पाहिजे, म्हणून जाडी मुळाशी १ मिमी आणि टोकाशी ०.६. बाहेरचा व्यास मोठ्या गळ्यापेक्षा दीड मिमी जास्त, म्हणजे २२.५. याचा अर्थ प्रत्येक कंगोरा दांड्यातून ३.७५ मिमी बाहेर डोकावतो.

आता बहुतेकांकडून सुटणारी गोष्ट. आत जाताना कंगोरा बाटलीच्या तोंडाकडे मुडपतो आणि दांड्याच्या कडेने जवळपास ३.७५ मिमी जागा व्यापतो. दोन कंगोऱ्यांमधलं अंतर ३ मिमी ठेवलं असेल तर खालचा कंगोरा वरच्याच्या मुळावर चढतो, दीड मिमीच्या जागेत दोन थर येतात आणि पुन्हा भरीव बूच तयार होतं. अंतर ५ मिमी ठेवा. जास्त कंगोरे म्हणजे जास्त घट्ट, हा समज इथेच मोडतो. दाटीवाटीने बसवलेल्या सात कंगोऱ्यांपेक्षा मोकळे चार चांगले.

मुळाशी किमान अर्धा मिमी गोलाई द्या. सिलिकॉनला तीक्ष्ण कोपरा चालत नाही. तिथून चीर सुरू झाली की ती झरझर पुढे जाते. शिवाय गोड पेय अशा कोपऱ्यात वाळून बसतं आणि ब्रशने निघत नाही.

कंगोरे तोंडाकडे मुडपलेले असतात, याचा एक परिणाम नीट समजून घ्या. बाहेर ओढताना ते उलटे व्हावे लागतात, म्हणून बूच घालायला सोपं आणि काढायला अवघड होतं. हा फायदा. पण आतला दाब अशा कंगोऱ्याला काचेपासून दूर, दांड्याकडे ढकलतो. बाटलीत दाब वाढला की त्याची पकड सुटते. तिरकी करून ओतायच्या बाटलीत दाब नगण्य असल्यामुळे हे चालून जातं. कायम उलट्या टांगलेल्या बाटलीसाठी सगळ्यात आतल्या टोकाला द्रवाकडे तोंड असलेली पातळ वाटीसारखी झालर जोडा. द्रवाचा दाबच तिला काचेवर फुलवून बसवतो. तिच्या ओठाची बाहेरची कड आतल्या बाजूला उतरती ठेवली नाही तर ती घालतानाच दुमडते. आणि ही झालर फक्त गळ्यांतला फरक १ मिमीच्या आत असेल तेव्हाच वापरा. त्यापलीकडे तिला चुण्या पडतात, आणि चुणी पडली की तिथून थेंब बाहेर येतो.

वरच्या टोकाला बाटलीच्या काठावर टेकणारी कॉलर द्या, बूच आत हरवू नये म्हणून. तिच्यावर गळती रोखायची जबाबदारी टाकू नका. बाटलीचा काठ क्वचितच अगदी सपाट असतो.

इथे थांबून तपासा: पारदर्शक बाटलीत नमुना बसवा, गळा आतून थोडा ओला ठेवून. बाहेरून उजेडात पाहिलं की प्रत्येक कंगोरा काचेला टेकतो तिथे गडद रेघ दिसते. बाटली हळूहळू पूर्ण फिरवा. रेघ सलग असली पाहिजे. एखाद्या जागी ती तुटते, नागमोडी होते किंवा दोन रेघा एकमेकींना चिकटतात, तर तिथे अनुक्रमे फट, चुणी किंवा एकमेकांवर चढलेले कंगोरे आहेत. कुठलंही यंत्र न वापरता होणारी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

टप्पा ५: तोटी आणि बूच यांचा सांधा

काच आणि बूच यांच्यातली गळती सगळे शोधतात. धातूची तोटी आणि बूच यांच्यातून पाझरणारा थेंबही कॉलरखालीच येऊन दिसतो, त्यामुळे दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. माझे दोन आठवडे यात गेले आहेत. शेवटी तोटीच्या बाहेरून खाण्याचा रंग बारीक रेघेने लावला, आणि रंगीत थेंब दिसल्यावर कळलं.

बुचाचं आतलं भोक तोटीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा ५ ते १० टक्के लहान ठेवा. तोटीवर एक-दोन गोलसर उंचवटे द्या, धारदार दात नकोत. तोटीचा कडक भाग सगळ्यात आतल्या कंगोऱ्याच्याही पुढे गेला पाहिजे. तो मध्येच संपला तर खालच्या कंगोऱ्यांना आतून आधार राहत नाही आणि दांडाच आत दबतो.

सावधान: जोडताना सिलिकॉन तेल लावू नका. सिलिकॉन रबर ते शोषून फुगतं. पाणी पुरेसं आहे.

टप्पा ६: हवेची वाट

जेवढं पेय बाहेर येतं तेवढी हवा आत जायला हवी. वाट नसेल तर ओतताना बाटली गटगट करते, आणि पंपाच्या बाबतीत प्रत्येक दाबागणिक बूच आत ओढलं जातं.

हवेची नळी आत जिथे संपते, तिथून तोटीच्या टोकापर्यंतची उभी उंची प्रवाहाचा वेग ठरवते. नळीचं टोक द्रवात बुडालेलं आहे तोवर बाटली भरलेली असो वा अर्धी, धार सारखीच राहते. नळी लांब केली की धार जोरात येते. वेग जुळवायचा असेल तर नळीची लांबी बदला. बुचाच्या व्यासाचा याच्याशी काही संबंध नाही.

नळीचं टोक आणि द्रव शिरायचं भोक एकमेकांपासून लांब ठेवा, नाहीतर आत येणारे बुडबुडे थेट तोटीत शिरतात. नळी फार बारीकही नको. २ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत पाण्याचा १५ मिमीपर्यंतचा स्तंभ नुसत्या पृष्ठताणाने धरून राहू शकतो, आणि मग पुढच्या वेळी पहिली धार अडखळते. टोक तिरकं कापलं तर थेंब सुटायला मदत होते.

टप्पा ७: नमुना आणि साचा

थ्रीडी प्रिंटरवर टीपीयूचा (लवचीक प्लास्टिकचा) नमुना काढलात तर त्यावरून फक्त आकार आणि हाताळणी पाहा. थरांच्या रेघांमधून तो गळणारच. त्यावरून कंगोऱ्यांची पकड ठरवू नका. खरा नमुना साच्यात ओतलेल्या सिलिकॉनचाच हवा. रेझिनच्या प्रिंटरवर केलेल्या साच्यात प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन पृष्ठभागाशी चिकटच राहण्याचा धोका असतो, गंधक असलेल्या वस्तू आणि लेटेक्सचे हातमोजे यांच्यामुळेही तेच होतं. आधी एका कोपऱ्यात थोडं ओतून पाहा. टिन-क्युअर (कथिलाच्या साहाय्याने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचा नमुना पेयाला लावू नका.

साच्याची जोडरेषा ठरवताना थोडा वेळ द्या. उभे दोन भाग करून जोडलेला साचा बनवायला सोपा, पण त्याची रेषा प्रत्येक कंगोऱ्याला आडवी छेदून जाते. तिथे उरलेली केसाएवढी फ्लॅश (जोडातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) कंगोऱ्याला काचेपासून उचलून धरते आणि वरपासून खालपर्यंत सरळ पाट तयार होतो. जोडरेषा कॉलरवर घ्या आणि बूच ओढून बाहेर काढा. सिलिकॉन ताणलं जातं, कंगोरे अडत नाहीत.

आकुंचन विसरू नका. ओतून केलेलं प्लॅटिनम सिलिकॉन जवळजवळ आकसत नाही, पण यंत्रावर दाबून भरायचं द्रवरूप सिलिकॉन २ ते ४ टक्के आकसतं. ३ टक्के धरले तर २२.५ मिमीच्या कंगोऱ्यात सुमारे ०.७ मिमीचा फरक पडतो. नमुन्याची मापं तशीच उत्पादनाच्या साच्याला दिली की ‘नमुना चांगला होता, माल ढिला आला’ ही तक्रार ठरलेली.

रंग द्यायचा असेल तर पेयात उठून दिसेल असा द्या. तुटलेला तुकडा ग्लासात दिसला पाहिजे.

टप्पा ८: चाचण्या, याच क्रमाने

१. बसवणं आणि काढणं. सगळ्यात अरुंद गळ्यात, एकदा कोरडं आणि एकदा ओलं. कोरडं जात नसेल आणि ओलं सहज जात असेल तर ते चालेल, पण वापरणाऱ्याला तशी सूचना द्या. सगळ्यात रुंद गळ्यात बूच बसवून डिस्पेन्सर धरून भरलेली बाटली उचला, खाली मऊ कापड ठेवून. बूच सरकता कामा नये.

२. उलटी बाटली, २४ तास. खाली टिश्यू पेपर ठेवा आणि पाण्यात थोडा खाण्याचा रंग घाला. डाग कॉलरच्या बाहेरच्या कडेला आला की आतल्या, तोटीलगत, ते लिहून ठेवा. बाहेरच्या डागासाठी टप्पा ४, आतल्यासाठी टप्पा ५.

३. थंड ते गरम. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेली अर्धी भरलेली बाटली खोलीत आणा, डिस्पेन्सर बंद ठेवून. तासाभराने कॉलर आणि काठ यांच्यातलं अंतर मोजा. अर्धी बाटली मुद्दाम घ्यायची, कारण तिच्यात तापणारी हवा भरपूर असते आणि थोडंसं वर येऊन तिचा दाब उतरत नाही.

४. चव आणि वास. ज्या पेयासाठी बूच आहे त्यात, किंवा मद्य असेल तर तेवढ्याच तीव्रतेच्या खाद्य अल्कोहोलमध्ये, बूच तीन दिवस बुडवून ठेवा. शेजारी बूच न घातलेलं तेच पेय ठेवा आणि दोन्हींची तुलना दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, कोणतं कोणतं ते न सांगता.

५. सात दिवसांची चाचणी. बूच सगळ्यात अरुंद गळ्यात सात दिवस ठेवा. मधे दोनदा काढून गरम पाण्याने धुवा. आठव्या दिवशी काढा आणि एका मिनिटाच्या आत सगळ्यात रुंद गळ्यात बसवून बाटली उलटी करा. दबून राहिलेले कंगोरे इथे पकडले जातात. वापरणारे लोक नेमकं हेच करणार आहेत, एका बाटलीतलं बूच काढून लगेच दुसरीत.

या पाचव्या चाचणीत बूच नापास झालं तर कंगोऱ्यांचा व्यास वाढवू नका. व्यास वाढवला की अरुंद गळ्यात ते आणखी वाकतील आणि आणखी दबून राहतील. आधी कॉम्प्रेशन सेट कमी असलेली ग्रेड घेऊन त्याच साच्यात पुन्हा ओता. तरीही गळलं, तर दोन मापांची बुचं करा.